थॅलेसेमिया मायनर आणि न संपणारा थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, स्वतः मायनर आहे आणि हे प्रश्न मला इतक्यांदा येतात की एकदाच सगळं लिहून ठेवतेय. रिपोर्टवर कुठे मायनर, कुठे ट्रेट, कुठे कॅरियर, कुठे वाहक लिहिलेलं असतं, सगळं एकच. सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो वेगळा आनुवंशिक आजार), त्याच्या कॅरियरसाठी थेट प्रश्न १२ वर जा, कारण तिथे गोष्ट बरीच वेगळी आहे.

१. मला थॅलेसेमिया मायनर निघालाय. म्हणजे मला थॅलेसेमिया झालाय का?

नाही. हिमोग्लोबिनचा एक भाग असतो बीटा साखळी, ती बनवणाऱ्या जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडची एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली की मायनर, दोन्ही बिघडलेल्या असल्या की मेजर. मेजर असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आपल्याला नाही. आणि मायनरचा मेजर कधीच होत नाही, वय वाढल्याने नाही, दुर्लक्ष केल्याने नाही, कशानेच नाही. भारतात शंभरात साधारण तीन-चार जण कॅरियर असतात. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी कुटुंबांत प्रमाण जास्त आहे, पण 'आपल्यात नसतं हे' म्हणणाऱ्या कितीतरी मराठी घरांतही निघतं.

'हे आलं कुठून' असंही विचारतात. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे कॅरियर लोक मलेरियातून जास्त वाचले आणि तो जीन टिकला. १९४९ साली हा अंदाज मांडला ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी, जे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारले. म्हणजे आपल्या पूर्वजांना याचा फायदा झाला, आपल्याला जिने चढताना दम लागतो, असो.

२. डॉक्टर म्हणतात मायनरमुळे काहीच त्रास होत नाही. मग मला एवढं गळून का जायला होतं? मी नाटक करतेय का?

नाटक नाही. पुस्तकात 'लक्षणं नसतात' असं लिहिलेलं असतं, ते मेजरशी तुलना करून लिहिलेलं असतं आणि बहुतेक कॅरियरच्या बाबतीत खरंही असतं. पण श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास छापला त्यात अॅनिमियासारख्या तक्रारी कॅरियरमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसल्या. बाकीचे अभ्यास इतकं स्पष्ट सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांमध्ये एकमत नाही.

माझं मत सांगते, आणि खालची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत. थकवा खरा असतो, पण तो सगळाच्या सगळा मायनरचा क्वचितच असतो. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, आयुष्यभर एक-दोन ग्रॅमने कमी असेल तर शरीर त्याला सरावतं. मात्र हाताशी शिल्लक कमी राहते, त्यामुळे दुसऱ्याला जे सहज पचतं, म्हणजे जास्त ब्लीडिंगची पाळी, बी१२ कमी, महिनाभराची अर्धवट झोप, ते आपल्याला आडवं करतं. 'मायनरने काही होत नाही' म्हणून घरी पाठवणारा डॉक्टर आणि 'मी मायनर आहे ना, म्हणून असं होतं' म्हणत सात वर्षं थायरॉइड न तपासणारा पेशंट, दोघंही एकाच ठिकाणी चुकतात, दोघंही शोध थांबवतात.

३. माझं एचबी १०.४ आहे. लॅबच्या कागदावर लाल अक्षरात येतं. नॉर्मल किती हवं?

लॅबच्या कागदावर बायकांना १२ आणि पुरुषांना १३ च्या खाली अॅनिमिया धरतात. मायनर बाईचं एचबी साधारण ९.५ ते ११.५ च्या मध्ये कुठेतरी असतं, पुरुषांचं ११ ते १३ च्या आसपास, थोडं इकडेतिकडे. तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे तुमचा स्वतःचा नेहमीचा. जुने रिपोर्ट काढा, कॉलेजच्या मेडिकलचा, पहिल्या बाळंतपणाचा, आजारपणातले सोडून, आणि एका कागदावर तारखेसकट एचबी लिहा. दहा वर्षं १०.३ ते १०.७ मध्ये फिरत असेल तर आजचा १०.४ काहीच सांगत नाही, थकव्याचं कारण दुसरीकडे शोधा. पण नेहमी ११ असायचं आणि आता ९.६ आलंय, तर काहीतरी नवीन घडलंय आणि तिथे 'मायनर आहे' हे उत्तर चालत नाही.

४. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये नक्की काय बघायचं?

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, त्यातले तीन आकडे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, आपल्याकडे तो बहुतेक ७५ च्या खाली असतो, ६० ते ७० खूप जणांचा. आरबीसी काउंट म्हणजे लाल पेशींची संख्या, हा आपला उलट जास्त असतो, ५ किंवा ५.५ दशलक्षाच्या वर. टँकर छोटे आहेत म्हणून फेऱ्या वाढवल्यात असं समजा. तिसरा आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात आपसात किती फरक आहे, तो मायनरमध्ये बहुतेक नॉर्मलच्या जवळ असतो आणि आयर्न कमी असेल तर वाढतो.

एक सोपं गणित आहे, मेंट्झर इंडेक्स, १९७३ पासून वापरात आहे. एमसीव्हीला आरबीसीने भागा. ६४ भागिले ५.६ म्हणजे ११.४. तेराच्या खाली आलं तर मायनरची शक्यता जास्त, वर आलं तर आयर्न कमी असण्याची. पण हा फक्त अंदाज आहे, यावरून निदान करायचं नाही. निदान एचपीएलसी टेस्टने होतं, ती हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार मोजते, त्यात एचबी ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की मायनर, सहसा ४ ते ६ च्या मध्ये येतं. काठावरचा आकडा आला असेल तर प्रश्न १७.

५. एचबी वाढावं म्हणून आयर्नची गोळी घेऊ का? मेडिकलवाल्याने टॉनिक दिलंय.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच.

आपलं एचबी कमी आहे ते लोह कमी म्हणून नाही, साखळी कमी बनते म्हणून. त्यामुळे आयर्न पुरेसं असताना कितीही गोळ्या खाल्ल्या तरी एचबी हलत नाही, पोट बिघडतं, आणि वर्षानुवर्षं घेत राहिलात तर जादा लोह शरीरात साठू शकतं, कारण ते बाहेर टाकायची सोय शरीरात जवळपास नाहीच. मला भेटलेल्या कितीतरी बायका लहानपणापासून 'रक्त कमी आहे' म्हणून टॉनिकवर वाढल्यात आणि एचबी तिथल्या तिथे.

पण याचं दुसरं टोकही तितकंच वाईट. कुणीतरी सांगतं 'मायनरने आयर्नला हातच लावायचा नाही' आणि मग खरोखर आयर्न संपलेली बाई वर्षभर रखडत राहते. मायनर असलेल्याला आयर्नची कमतरता होऊच शकते, जास्त पाळी, मूळव्याध, बाळंतपण, सगळी कारणं आपल्यालाही आहेतच की. तेव्हा गोळी सुरू करण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. १५ च्या खाली असेल तर कमतरता नक्की, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार देतात. ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज चालू असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही लोहाचीच दुसरी टेस्ट सोबत करून घ्या.

कमतरता निघाली तर गोळी सगळ्यांसारखीच घ्यायची, हल्ली काही डॉक्टर एक दिवसाआड देतात, तशी ती नीट शोषली जाते आणि पोटालाही सोसते. दोन-तीन महिन्यांनी परत तपासायचं. एचबी तुमच्या नेहमीच्या आकड्यापर्यंत येईल, १३ होणार नाही. तिथे पोचल्यावर 'अजून वाढवू' म्हणून डोस वाढवू नका. आयर्नचं इंजेक्शन किंवा सलाईन फेरिटिन न बघता कोणी लावत असेल तर सरळ नाही म्हणा.

टॉनिकच्या बाटलीवर फेरस, फेरिक असे शब्द वाचा. आयुर्वेदिक असलं तरी लोहभस्म, मंडूर, पुनर्नवा मंडूर, लोहासव यात लोहच असतं, 'आयुर्वेदिक आहे, चालतं' असं नाही.

६. फेरिटिन ५५ आहे, आयर्न ठीक आहे, तरी दुपारी तीननंतर मी संपते. आता काय तपासू?

डॉक्टरांकडे ही यादी घेऊन जा: बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), व्हिटॅमिन डी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, क्रिएटिनिन, लिव्हरच्या टेस्ट. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन चालू असेल किंवा अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेत असाल तर बी१२ आधी.

इथे एक खाचखळगा आहे जो बऱ्याच डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. बी१२ कमी झालं की एरवी लाल पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १०० च्या वर जातो आणि डॉक्टरला संशय येतो. आपला मुळात ६५. तो वाढून ८२ झाला की रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं आणि सगळे खूश होतात! मायनर असलेल्या माणसाचा एमसीव्ही अचानक नॉर्मल दिसायला लागला तर आनंद मानू नका, बी१२ आणि फॉलेट (म्हणजे फॉलिक अॅसिड) तपासा. तळपायाला मुंग्या येत असतील तर लगेच.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये न सापडणारी कारणंही आहेत. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, सकाळी उठल्यावर डोकं जड, हे बायकांमध्येही असतं, फक्त कोणी विचारत नाही. दुसरं कारण मन. सकाळी उठायलाच नको वाटतं, आवडीच्या गोष्टीत रस नाही, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो थकवा सीबीसीत दिसणार नाही, त्याचा डॉक्टर वेगळा असतो आणि त्याच्याकडे जाण्यात काही कमीपणा नाही. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं सोबत असेल तर टीबीची तपासणी.

७. बीट, डाळिंब, गूळ, खजूर, लोखंडी कढई, हे तरी चालेल ना?

सगळं चालेल. जेवणातल्या लोहाने मायनर माणसाला नुकसान होत नाही, पालेभाजी बंद करा असं कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका. पण बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोह अगदी थोडं, डाळिंबात त्याहून कमी. हळीव, तीळ, नाचणी, कडधान्यं, राजगिरा, मटण-कलेजी यात खरा माल आहे. आयर्न कमी निघालं असेल तर जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. गुळाचा खडा खाऊन एचबी वाढत नाही, शुगर वाढते.

८. फॉलिक अॅसिड रोज घ्यायचं का? कोणी ५ एमजी सांगतं, कोणी नको म्हणतं.

आपलं बोनमॅरो जरा जास्त काम करतं म्हणून फॉलेट थोडं जास्त खर्च होतं, एवढाच तर्क. नीट जेवणाऱ्या माणसाला रोज गोळी लागतेच असं नाही, काही डॉक्टर देतात, त्याने सहसा बिघडत नाही. अट एकच, आधी बी१२ बघा. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर फॉलिक आधीपासूनच हवं, तो भाग प्रश्न १४ मध्ये.

९. सासूबाई म्हणतात 'आमच्या वेळी कुणाला असलं नव्हतं'. घरच्यांना कसं समजावू?

भांडून नाही. तुमचा आणि त्यांच्या मुलाचा सीबीसी शेजारी ठेवा, दोन एचबी दाखवा, बास. माणसाला कागद पटतो. त्यांच्या वेळीही हे होतंच, फक्त नाव नव्हतं, 'अंगात रक्त नाही हिच्या' एवढंच म्हणायचे. आणि मायनर आईवडिलांकडूनच येतो, त्यामुळे माहेरी-सासरी कुणाला टोमणा मारायच्या आधी त्याने स्वतःची टेस्ट करून घ्यावी, कधीकधी टोमणा मारणाराच कॅरियर निघतो.

जिथे समजावून काही होत नाही तिथे मी समजावणं सोडून काम वाटून देते. 'मला बरं नाही' पेक्षा 'रात्रीची भांडी तू' हे वाक्य जास्त कामाचं.

१०. मायनरवर औषध नाही, मग रोजचा दिवस ढकलायचा कसा?

ढकलायचा नाही, मांडायचा. आठवडाभर फक्त लिहा, कुठल्या वेळी पाय जड होतात. बहुतेकांचं एक ठरलेलं गणित निघतं. ज्यांना डोंबिवलीहून उभ्याने सीएसएमटी गाठायची असते त्यांचा थकवा दहा वाजताच सुरू होतो, त्यांनी अर्धा तास आधीची स्लो लोकल पकडून बसून जाणं हे कुठल्याही टॉनिकपेक्षा सरस. जड काम आणि धावपळ एकाच दिवशी नको, शनिवारी पंखे-जाळ्या साफ केल्या तर रविवारी पाहुणे नकोत. बऱ्या दिवशी सगळं उरकून टाकायचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, हे जवळपास प्रत्येकीचं. दुपारी वीस मिनिटं आडवं होणं चालेल, दोन तास झोपलात तर रात्रीचं खोबरं.

चहा किती होतोय ते मोजा. पाणी पुरेसं प्या. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर निघू नका, पोहे-उपमा केला तर त्यात दाणे, मोड आलेली मटकी काहीतरी टाका.

११. व्यायाम झेपेल का? ट्रेक, मॅरेथॉन?

झेपेल. टेनिसपटू पीट सॅम्प्रस थॅलेसेमिया मायनर होता आणि १४ ग्रँड स्लॅम जिंकला. हे उदाहरण घरच्यांच्या हाती मात्र लागू देऊ नका, ते तुमच्याच विरुद्ध वापरतील.

खरं सांगायचं तर एचबी १० असताना चढावर इतरांपेक्षा लवकर दम लागणार, सिंहगड चढताना ग्रुपच्या मागे राहणार, त्यात लाज कसली. बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगाने सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवा, आठवड्यातून दोनदा वजनं किंवा बैठका. हिमोग्लोबिन वाढणार नाही, पण स्नायू मिळालेल्या ऑक्सिजनचा वापर जास्त चांगला करायला शिकतात, आणि फरक दोन-तीन महिन्यांत कळतो. छातीत दुखलं किंवा डोळ्यासमोर अंधारी आली तर थांबायचं आणि दाखवायचं.

१२. माझा सिकलसेलचा एएस पॅटर्न आहे. हेच सगळं मला लागू?

बरंचसं नाही. विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार भागातून हा प्रश्न सारखा येतो. एएस म्हणजे एक जीन नॉर्मल (ए) आणि एक सिकलचा (एस), तो कॅरियर; एसएस म्हणजे दोन्ही सिकलचे, तो पेशंट. एएसवाल्याचं एचबी सहसा नॉर्मल असतं, पेशींचा आकारही नॉर्मल. म्हणजे एएस असून एचबी ९ असेल तर ते एएसमुळे नाही, आयर्न, जंत, पाळी, दुसरं काहीतरी आहे, शोधा. थकव्याचं खापर एएसवर फोडणं हे मायनरवर फोडण्यापेक्षाही जास्त चुकीचं.

एएसवाल्यांनी सांभाळायचं ते वेगळं आहे. मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता अतिश्रम, भरतीसाठी एकदम जोरात धावणं, यात क्वचित स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. स्नायू दुखून पायातलं बळ गेलं तर 'अजून एक राउंड' नको, थांबा, सावलीत पाणी प्या, बरं नाही वाटलं तर दवाखाना. लेहसारख्या उंचीवर गेल्यावर डाव्या बरगडीखाली जोरात दुखलं तर तो प्लीहेचा, म्हणजे पाणथरीचा त्रास असू शकतो. लघवीतून रक्त गेलं तर दाखवायचंच.

आणि एक नक्की करा. गावात कॅम्पला होते ती सोल्युबिलिटी टेस्ट एएस आणि एसएस दोन्हीत पॉझिटिव्ह येते. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी टेस्ट) किंवा एचपीएलसी झाली का बघा. त्यात एस हिमोग्लोबिनचं प्रमाण ए पेक्षा जास्त असेल तर तुम्ही साधे कॅरियर नाही, तो सिकल-बीटा थॅलेसेमिया (एका बाजूने सिकल, दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया) असू शकतो, आणि मग अंगदुखी, थकवा या सगळ्याचा अर्थच बदलतो. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मिशनमध्ये आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी फुकट होते.

१३. उपवास केले तर चालतील का?

एखादा चालेल. श्रावणात सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं सगळं धरून आठवड्याला तीन दिवस साबुदाणा आणि चहा, हे थकलेल्या माणसाचं काम नाही. करायचाच तर राजगिरा, दाणे, दूध, ताक, फळं. निर्जळी टाळा, एएसवाल्यांनी तर नकोच.

१४. प्रेग्नंट आहे, एचबी ८.८ झालंय. घाबरू का?

प्रेग्नन्सीत रक्तातलं पाणी वाढतं म्हणून सगळ्यांचंच एचबी उतरतं, आपलं आधीच कमी, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ८-९ दिसू शकतं. घाबरू नका पण सोडूनही देऊ नका. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत 'मी मायनर आहे' सांगा, फेरिटिन करून घ्या. सरकारी लाल गोळीत ६० एमजी आयर्न आणि फॉलिक असतं, ती मायनर आहे म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. फॉलिकचा ५ एमजी डोस बरेच डॉक्टर कॅरियर बाईला देतात, तोही विचारून.

आणि याहून मोठं, नवऱ्याची टेस्ट झालीय का? नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आज करा. का ते प्रश्न १८ मध्ये.

१५. डोळे जरा पिवळट दिसतात. कावीळ आहे का?

मायनरमध्ये लाल पेशी थोड्या लवकर मोडतात, त्यामुळे बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) किंचित वाढलेलं राहू शकतं, रिपोर्टवर 'इनडायरेक्ट' लिहिलेलं असतं ते. कुणाला त्यासोबत गिल्बर्ट सिंड्रोम (बिलिरुबिन थोडं जास्त राहण्याचा निरुपद्रवी जन्मजात प्रकार) असतो, मग ते अजून दिसतं, विशेषतः उपाशी राहिल्यावर. गावठी काविळीचं औषध, नाकात थेंब, मंत्र यातलं काही करू नका. लिव्हरच्या टेस्ट करा, आणि उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखत असेल तर सोनोग्राफी, पित्ताच्या खड्यांसाठी.

१६. डायबेटिस आहे. तीन महिन्यांची शुगर आणि ग्लुकोमीटरचे आकडे जुळत नाहीत.

असं होऊ शकतं. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, हिमोग्लोबिनवरूनच मोजतात, त्यामुळे पेशींचं आयुष्य बदललेलं असेल किंवा हिमोग्लोबिन वेगळं असेल तर आकडा इकडेतिकडे जातो, सिकल एएसमध्ये तो खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, आयर्नची कमतरता असेल तर जास्त. डॉक्टरांना कॅरियर असल्याचं सांगा आणि घरचे फास्टिंग-पीपी आकडे लिहून न्या.

१७. एचबी ए२ ३.३ आलं, एमसीव्ही ६८ आहे. मी कॅरियर आहे की नाही?

या आकड्यावर हो-नाही सांगता येत नाही. तीन शक्यता. एक, आयर्न खूप कमी असेल तर ए२ खाली येतं आणि मायनर लपतो, आधी आयर्न भरून काढा मग परत एचपीएलसी. दोन, काही बीटा म्युटेशन (जीनमधले बिघाड) अशी सौम्य असतात की ए२ काठावरच राहतं. तीन, अल्फा थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या, अल्फा साखळीच्या बिघाडाचे कॅरियर, त्यांचं एचपीएलसी नॉर्मल येतं, फक्त डीएनए टेस्टमध्ये कळतं. लग्न किंवा मूल समोर असेल तर डीएनए टेस्टपर्यंत जा. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एनआयआयएच ही संस्था याच कामातली आहे, चंद्रपूरलाही आयसीएमआरचं सेंटर आहे. डीएनए रिपोर्टवर आयव्हीएस १-५ दिसलं तर दचकू नका, भारतात सगळ्यात जास्त आढळणारं म्युटेशन तेच.

रक्त चढवल्यावर तीन महिने एचपीएलसी करू नका, दुसऱ्याचं रक्त मोजलं जाईल. बाळाची टेस्ट एक वर्षानंतर, त्याआधी बाळाचं मूळचं हिमोग्लोबिन असतं म्हणून ए२ वर विश्वास ठेवता येत नाही. अर्थात आईबाप दोघंही कॅरियर असतील आणि बाळ पांढरं पडलंय तर एक वर्ष थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

१८. होणारा नवराही मायनर निघाला. लग्न मोडायचं का?

लग्न करा, पण डोळे उघडे ठेवून. दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक प्रेग्नन्सीत २५ टक्के शक्यता मेजरची, ५० टक्के मायनरची, २५ टक्के काहीच नाही अशी. 'पहिलं मूल मेजर झालं म्हणजे पुढची तीन सुटली' असं नसतं, दर वेळी नव्याने तेच गणित. दोघांचं म्युटेशन आधीच शोधून ठेवायचं, मग प्रेग्नन्सीत ११-१२ आठवड्यांना सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेऊन) किंवा १६ आठवड्यांनंतर पोटातलं पाणी काढून बाळाची तपासणी करता येते. दोघांपैकी एकच कॅरियर असेल तर मेजर होत नाही. पण जोडीदाराचा रिपोर्ट 'थॅलेसेमिया निगेटिव्ह' एवढाच बघू नका, त्याचा सिकल एएस किंवा हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचाच आणखी एक आनुवंशिक बदललेला प्रकार) असेल तरी धोका आहे. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळवणाऱ्या घरांनी हा एक कागद मागितला तर कुणाचा अपमान होत नाही.

१९. रक्तदान करू शकते का?

एचबी १२.५ असल्याशिवाय भारतात रक्त घेत नाहीत, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेक बायका तिथेच बाद. पुरुषांचं असेल तर ब्लड बँकेत आधी सांगा, ते ठरवतील.

२०. ऑफिसात सवलत, दिव्यांग सर्टिफिकेट मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल आजार आहेत, पण ते पेशंटसाठी. कॅरियरला सर्टिफिकेट मिळत नाही आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ऑफिसात सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय. मी सांगताना 'ब्लड डिसऑर्डर' हा शब्द टाळते, लोक कॅन्सरपर्यंत पोचतात. शिफ्ट बदलून हवी असेल तर कारणापेक्षा वेळ मागा.

२१. मला मायनर सांगितलंय, पण एचबी नेहमी ७ च्या आसपास, दोनदा रक्त चढवलंय, सोनोग्राफीत पाणथरी वाढलेली आहे. हाही मायनरचाच थकवा का?

नाही, आणि हे मेल वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. साध्या मायनरमध्ये एचबी कायम ७ वर राहत नाही आणि रक्त चढवायची वेळ सहसा येत नाही. अशा वेळी तो थॅलेसेमिया इंटरमीडिया, म्हणजे मायनर आणि मेजरच्या मधला प्रकार, असू शकतो. एक बीटा जीन बिघडलेला आणि सोबत अल्फाचे जीन नेहमीपेक्षा जास्त, असं असलं तरी एचपीएलसीवर 'मायनर'च छापून येतं. किंवा दुसऱ्या बाजूने हिमोग्लोबिन ई आलेलं असतं आणि पहिला रिपोर्ट नीट वाचलेला नसतो. इथे लोह गोळ्या न खाताही साठतं, म्हणून फेरिटिन दर वेळी बघावं लागतं आणि पाणथरी, हाडं, हार्ट यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. फॅमिली डॉक्टर, फिजिशियन यांच्यात फिरत बसू नका. रक्तविकारतज्ज्ञ म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट गाठा, आधीचे सगळे रिपोर्ट आणि रक्त चढवल्याच्या तारखा घेऊन जा आणि अल्फा आणि बीटा दोन्ही जीनची तपासणी करायची का हे स्पष्ट विचारा. भावंडांनाही सोबत न्या, त्यांच्यापैकी कुणीतरी 'नुसता मायनर' म्हणून आयर्न खात असेल.